पहिले विमान घेताना पिवळ्या रंगावर भाळू नका

संपादक महोदय, स. न.

अमेरिकेतल्या हौशी वैमानिकांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. स्वतःचे जुने विमान घ्यायचे तर पायपर कब हे दोन सीटचे छोटे पिवळे विमानच, असा त्याचा एकूण सूर आहे. तो पटला नाही.

कब देखणे आहे, पण एकट्याने उडवताना मागच्या सीटवर बसावे लागते, टाकी १२ गॅलनची आणि वेग ताशी ७५ मैलांच्या आसपास. समोरून वारा असला की खालच्या हायवेवरचे ट्रकही पुढे जातात! शिवाय नावाचे पैसे वेगळे मोजायचे. तेच ६५ अश्वशक्तीचे काँटिनेंटल इंजिन एरोन्का चॅम्प या तशाच दोन सीटच्या विमानात बरेच स्वस्तात मिळते, आणि ते पुढच्या सीटवरून उडवतात.

दोघांनी गावोगाव हिंडायचे असेल तर १९४६ पासूनचे सेसना १४० पाहावे. ८५ अश्वशक्ती, शेजारी-शेजारी सीट, २५ गॅलन इंधन, आणि बहुतेकांना स्टार्टर, म्हणजे प्रोपेलर हाताने फिरवणे नाही. फ्लॅप (उतरताना पंखांच्या मागच्या कडेला खाली वळवायच्या झडपा) नको असतील तर सेसना १२० आणखी स्वस्त. मात्र वजनाचा हिशोब आधी मांडावा. कमाल वजन १४५० पौंड. रिकामे विमान ९०० पौंडांचे धरले आणि टाक्या भरल्या (१५० पौंड), तर माणसे आणि सामान मिळून उरतात ४००. जोरात ब्रेक मारला तर हे विमान नाकावर जाऊ पाहते, म्हणून अनेकांनी चाके थोडी पुढे सरकवणारे जोड बसवलेले असतात. मूळच्या गुडइयर ब्रेकचे सुटे भाग शोधण्यापेक्षा क्लीव्हलँड ब्रेक बसवलेलेच विमान घ्यावे.

खरा खर्च रंगाखाली दडलेला असतो. पायपरचे पंख पेलणारे स्ट्रट, म्हणजे तिरके दांडे, आतून गंजतात. सीलबंद प्रकारचे नसतील तर दर २४ महिन्यांनी तपासणी सक्तीची. चॅम्पच्या पंखातल्या लाकडी स्पारला (पंखाच्या मुख्य तुळईला) केसासारख्या आडव्या चिरा पडतात, विशेषतः पंखाचे टोक कधी जमिनीला आपटले असेल तर. लस्कोम हे विमान धातूच्या बांधणीचे, पण त्याच्या स्पारमधला गंज पाहिल्याशिवाय सौदा करू नये. कब, चॅम्प किंवा १४० च्या पंखांवरचे कापडी आवरण बदलायचे झाले तर तो खर्च कधी कधी विमानाच्या किमतीजवळ जातो. उघड्यावर कापड लवकर खराब होते, म्हणून हँगर मिळणार नसेल तर धातूच्या पंखांचे सेसना १४०-ए बरे.

इंजिनाचे तास कमी म्हणजे इंजिन चांगले, हा समज महागात पडतो. १९८५ साली ओव्हरहॉल (इंजिन पूर्ण उघडून केलेली दुरुस्ती) आणि तेव्हापासून १५० तास, अशी नोंद दिसली तर ते वर्षानुवर्षे उभे होते आणि सिलिंडर गंजले असण्याची शक्यता मोठी. कॉम्प्रेशन चाचणीत (सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून ती किती टिकते ते पाहतात) ८० पैकी आकडा किती आला, याइतकेच हवा कुठून निसटते तेही ऐकावे. तेल भरायच्या तोंडाशी फुसफुस असेल तर पिस्टनच्या रिंग, एक्झॉस्ट पाइपात असेल तर व्हॉल्व्ह; दुसरे जास्त काळजीचे. ही इंजिने ७३ ऑक्टेनच्या काळातली. आजच्या १००एलएल या विमानांच्या पेट्रोलमधल्या शिशाने प्लग खराब होतात, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अडकतात. त्यामुळे अनेक मालक रीतसर परवानगी घेऊन इथेनॉलविरहित मोटारीचे पेट्रोल वापरतात. तपासणीसाठी मेकॅनिक आपला न्यावा, विक्रेत्याचा नव्हे, आणि त्याने आधी तेच मॉडेल हाताळलेले असावे.

लेखात राहून गेलेली एक गोष्ट आपल्याकडच्या मंडळींना थेट लागू आहे. अमेरिकेत व्यक्तीच्या नावावर विमान नोंदवायला नागरिकत्व किंवा ग्रीनकार्ड लागते. एच-१बी व्हिसावर उड्डाण शिकता येते (त्याआधी टीएसए या अमेरिकी वाहतूक-सुरक्षा यंत्रणेची मंजुरी घ्यावी लागते), पण विमान स्वतःच्या नावावर होत नाही. ट्रस्टमार्फत नोंदणीची वाट आहे. मात्र तिचे वार्षिक शुल्क विमानाच्या खर्चात आधीच धरावे.

आपला,
विमान-देखभालीतला एक वाचक, ओहायो