साडेतीनचा स्वल्पविराम

प्रिय सुमे,

तीन महिने पत्र नाही म्हणून शिव्या घालशील, घाल. प्रकृती ठीक, चष्म्याचा नंबर वाढला, बस्स.

अकरावीत गणित इंग्रजीतून सुरू झालं तेव्हाचं 'रिस्पेक्टिव्हली' आठवतंय? सर विचारायचे, "कळलं?" आणि आपण नुसत्या माना डोलवायचो. ती मान मला काल इथे फ्लोरिडात दिसली.

इथे १९९० साली कोर्टात झालेल्या एका तडजोडीमुळे माझ्यासारख्या गणिताच्या शिक्षकांनाही, इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांना कसं शिकवायचं, याचं ६० तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. इंग्रजीच्या शिक्षकांना ३०० तास, खेळाच्या सरांना १८. (चेंडूला व्याकरण कमी लागत असावं.) मला आधी वर्गात उभं केलं, शिकवतायत आता! आणि गणिताला कसली आलीय भाषा, हे माझं पालुपद तुला पाठच आहे.

तर काल प्रशिक्षणाच्या बाई म्हणाल्या, "अपूर्णांक तुझ्या भाषेत शिकव." मी सुटलेच: अंश, छेद, समच्छेद. समोरचा एक शिक्षक प्रत्येक वाक्याला मान डोलवतोय. कळत शष्प नव्हतं. मग म्हणाल्या, आता हेच सावकाश, कागदाला घड्या घालून, शब्द फळ्यावर लिहून. पाचव्या मिनिटाला तोच गडी घडीवर बोट ठेवून "छेद" म्हणाला.

घरी येऊन व्हेनेझुएलाच्या एका मुलाची वही काढली. साडेतीन त्याने '३,५' लिहिलेत आणि त्यावर माझी लाल फुली. अगं, त्यांच्याकडे दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविरामच देतात! भागाकारात भाजक उजवीकडे, उत्तर त्याच्याखाली. तिथे मी 'कॉपी?' लिहिलंय. मैदानावर घडाघडा इंग्रजी बोलतो, म्हणून शाब्दिक उदाहरण कोरं ठेवलं की मला आळस वाटायचा. बोलणं दोनेक वर्षांत येतं, पुस्तकातली भाषा यायला पाच ते सात लागतात, हे भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी चाळीस वर्षांपूर्वीच मांडलंय. मी परवा वाचलं.

तू सायन्स सोडलंस तेव्हा मी म्हटलं होतं, "तुला गणिताचं डोकंच नाही." आठ दिवस बोलली नव्हतीस. दहावीला, मराठीतून, गणितात तुला माझ्यापेक्षा सहा मार्क जास्त होते. तेव्हा हे कसं आठवलं नाही मला? (आता 'मी तेव्हाच म्हटलं होतं' म्हणू नकोस. तू काही म्हटलं नव्हतंस, रडली होतीस.)

लेकीचं लग्न ठरलं म्हणे! मुलगा काय करतो? घराचं काम संपलं का?

लाल फुली खोडता येत नाही. उद्या शेजारी बरोबरची खूण करून सही करणार आहे. तुझी कंपासपेटी अजून माझ्याकडेच आहे.

तुझी,
नंदू