सातव्या आकृतीसाठी, अण्णांना

तीर्थस्वरूप अण्णांस,
साष्टांग नमस्कार.

तुमचा पत्ता माझ्याकडं नाही. गुढीपाडव्याच्या आधी तुमचा मुलगा येऊन तुम्हाला पुण्याला घेऊन गेला, एवढंच शेजारच्या किराणा दुकानात कळलं. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहायलेय. सेलूचं कुणी ना कुणी तिकडं असेल, त्यांच्या मोबाइलवर हे येईल आणि ते तुम्हाला वाचून दाखवतील, या भरवशावर. ओळख पटावी म्हणून सांगते: मी स्टेशनकडच्या रस्त्यावरची गिरणीवाली. तुम्ही नव्या शाळूची जवारी पितळी डब्यात घेऊन आला होतात. डबा ओतायला उचलला आणि लाईट गेली.

बाकीची गिऱ्हाईकं डबे ठेवून घरी गेली. तुमचं घर लांब, ऊन कडक, म्हणून तुम्ही पोत्यावर टेकलात. माझ्यासमोर उलटा डबा, त्यावर लेकीचा बुद्धिबळाचा कापडी पट आणि प्लास्टिकच्या सोंगट्या. पीठ बसून काळ्या सोंगट्यासुद्धा पांढुरक्या झाल्या होत्या. तुम्ही बराच वेळ नुसतं बघत राहिलात आणि मग विचारलंत, “माय, हा काळा कोणता अन् पांढरा कोणता?” मी पदरानं काळा वजीर पुसून दाखवला.

लेक सातवीत आहे. २०२५ च्या जुलैत नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकली. अंतिम फेरीत तिनं कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवलं आणि त्याच विजयानं ती ग्रँडमास्टर झाली. ते टीव्हीवर बघून आमच्या घरात बुद्धिबळ आलं. घरी खेळायला कुणी पाहिजे म्हणून लेकीनं मला शिकवलं. तिच्या सरांनी आठ आकृत्यांचा, म्हणजे सोडवायच्या मांडण्यांचा, एक कागद दिला होता. सहा तिनं सोडवल्या होत्या. सातवी तिला सुटेना आणि मलाही सुटेना. तीन दिवस मी तो पट गिरणीत मांडून ठेवला होता.

जाणकार वाचतील त्यांच्यासाठी डाव लिहिते. पांढऱ्याच्या बाजूनं बघितलं तर उभ्या पट्ट्या डावीकडून ए ते एच, आणि आडव्या रांगा खालून १ ते ८. पांढऱ्याचा राजा जी-१ वर, वजीर एच-६ वर, हत्ती ई-३ वर, प्यादी एफ-६, एफ-२, जी-२, एच-२ आणि ए-३ वर. काळ्याचा राजा एच-८ वर, हत्ती जी-८ वर, वजीर सी-२ वर, प्यादी ए-७, बी-६, एफ-७, जी-६ आणि एच-७ वर. चाल पांढऱ्याची. कागदावर खाली एवढंच लिहिलेलं होतं: पांढरा जिंकतो.

तुम्ही दुधनेच्या काठच्या तुमच्या गावात पारावर कोळशानं आखलेल्या पटावर शिकलात. तुमच्या खेळात प्यादं पहिल्या चालीलासुद्धा एकच घर सरकायचं, आणि राजाला शह बसायच्या आधी एकदाच घोड्याची उडी मारायची मुभा असायची. किल्लेकोट तुम्हाला माहीत नव्हता. मी सांगितला: राजा आणि हत्ती जागचे हललेले नसतील, मध्ये सोंगटी नसेल, राजाला शह नसेल आणि ज्या घरावरून तो जाणार तिथंही शह पडत नसेल, तर राजा दोन घरं सरकतो आणि हत्ती त्याच्यावरून पलीकडं येऊन बसतो. तुम्ही ते दोनदा करून बघितलंत. मला फार बरं वाटलं, अण्णा. तुमच्या वयाच्या माणसाला मी काहीतरी शिकवत होते आणि तुम्ही मन लावून शिकत होतात.

मग तुम्ही काळ्या राजाकडं बोट केलंत. “म्हंजे ह्यो कोटात गेलेला राजा. पण कोटाची वीट कुणी काढली?” तोवर मी त्या प्याद्याकडं बघितलंच नव्हतं. जी-७ वरचं प्यादं कधीतरी जी-६ वर सरकलं होतं. ते सरकल्याबरोबर एफ-६ आणि एच-६ ही दोन काळी घरं उघडी पडली. काळ्या घरांवरचा उंट असता तर त्यानं ती झाकली असती, पण तो केव्हाच मारला गेला होता. त्याच दोन भोकांतून पांढऱ्याचं प्यादं आणि वजीर आत शिरले होते. जी-७ वर मात बसू नये म्हणून काळ्यानं राजा कोपऱ्यात लोटला आणि हत्ती जी-८ वर आणून उभा केला.

त्यावर तुम्ही देवगिरीची गोष्ट काढलीत. शाळेत ऐकलेली होती, पण अशी कधी ऐकली नव्हती. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी चालून आला तेव्हा रामदेवरायाचा किल्ला जागेवर होता, तासलेले कडे जागेवर होते. त्याचा मुलगा शंकरदेव फौज घेऊन लांब गेलेला होता. घाईघाईत गडावर चढवलेली धान्याची पोती फोडली तर त्यात मीठ निघालं, असं सांगतात. “कोट बघू नये, माय. आत कोण हाय अन् काय हाय ते बघावं,” असं म्हणून तुम्ही काळा वजीर उचललात आणि परत सी-२ वर ठेवलात. तो वजीर राजापासून लांब होता, आणि माझ्या राजाच्या जवळ होता. हे दुसरं मला अजून कळलं नव्हतं.

मी तुम्हाला माझी चाल मोठ्या हौसेनं दाखवली. हत्ती ई-८ वर! काळ्या हत्तीनं तो मारला की जी-७ ची राखण सुटते आणि वजीर तिथं मात देतो. दोन दिवस मी हीच चाल धरून होते. लेकीलाही सांगितली होती. तुम्ही विचारलंत, “तो कामून मारील?” मी म्हणाले, “फुकटचा हत्ती कोण सोडतं?” तुम्ही काही न बोलता काळा वजीर डी-१ वर नेलात. शह. माझा राजा आपल्याच तीन प्याद्यांच्या मागं कोंडलेला. मी हत्ती ई-१ वर परत आणला, वजिरानं तोही खाल्ला आणि मात झाली. पांढऱ्यावर!

तेव्हा कुठं कळलं की काळ्याची ही धमकी आधीपासूनच पटावर आहे. तीन दिवस मी फक्त त्याच्या राजाकडं बघत होते, माझ्या मागच्या रांगेकडं एकदाही बघितलं नव्हतं. हत्ती एच-३ वर नेला तरी तेच, काळा वजीर डी-१ वर येतो आणि जागेवर मात. माझा वजीर थेट जी-७ वर घातला तर हत्ती त्याला खातो आणि हल्ला संपतो. मला उसंतच नव्हती. प्रत्येक चाल शह देणारीच पाहिजे होती.

तुम्ही चाल सांगितली नाहीत, दोनच प्रश्न विचारलेत. पहिला, “त्याच्या राजाला पळायला घरं किती?” मी मोजली. जी-८ वर त्याचाच हत्ती. एच-७ वर त्याचंच प्यादं. जी-७ वर माझ्या एफ-६ च्या प्याद्याचा पहारा. एकही घर नाही. दुसरा प्रश्न, “मग दार कोणतं?”

मी एच-७ च्या प्याद्यावर बोट ठेवलं. एवढं एक प्यादं निघालं की अख्खी एच पट्टी राजापर्यंत मोकळी, आणि ई-३ वरून एच-३ पर्यंत माझ्या हत्तीचा रस्ता साफ. पण ते काढायचं कशानं? शह देत काढायचं तर जवळ फक्त वजीर होता, आणि त्याच्या पाठीशी कुणी नव्हतं. माझा हात वजिरापर्यंत गेला आणि थांबला. वजीर द्यायचा?

अण्णा, हे पत्र त्या थांबलेल्या हातासाठी आहे. तुम्हाला उत्तर दिसलं होतं, तुमच्या डोळ्यांत मला ते कळत होतं. तरी तुम्ही मान वळवली आणि चक्कीचा पट्टा बघत बसलात. दहावीनंतर माझं लग्न झालं. तेव्हापासून मी काही विचार करायला घेतला की कुणीतरी आधीच सांगून मोकळं होतं: हे असं कर, ते तसं कर. सगळे प्रेमाचेच लोक आहेत. पण माझा विचार पुरा होईस्तोवर थांबलेला माणूस मला त्या दुपारी पहिल्यांदा भेटला. मला वाटतं दहाएक मिनिटं गेली असतील. रस्त्यावरून एक ऊसाचा ट्रॅक्टर गेला, तेवढाच आवाज.

मी वजिरानं एच-७ चं प्यादं मारलं. शह. राजाला त्याला मारण्यावाचून दुसरी चालच नाही. राजा एच-७ वर आला आणि मी हत्ती एच-३ वर ठेवला. जी-८ वर त्याचा हत्ती, जी-६ वर त्याचं प्यादं, जी-७ वर माझ्या प्याद्याचा पहारा, एच-६ आणि एच-८ दोन्ही माझ्या हत्तीच्या पट्टीत. मध्ये आडवं यायला काळ्याचं कुणी नाही, त्याचा वजीर एच पट्टीवर कुठंच पोहोचत नाही. मात. तुम्ही हात जोडलेत आणि म्हणालात, “माय, तू काढलंस.” आणि मग लाईट आली.

मोटर सुरू झाल्यावर काही बोलणंच ऐकू येत नाही. तुमचं दळण झालं, तुम्ही पैसे दिलेत आणि मी सवयीनं घेतले. ते घ्यायला नको होते, हे मनात राहून गेलं आहे.

संध्याकाळी लेक शाळेतून आली तेव्हा मी तिला उत्तर सांगितलं नाही. ई-८ ची चाल आधी मोडून दाखवली, मग तुमचेच दोन प्रश्न विचारले आणि भाकरी थापायला बसले. तिसरी भाकरी तव्यावर होती तेव्हा ती ओरडली. पीठ त्याच दुपारी गिरणीत दळलेलं होतं, नव्या शाळूचं.

तिच्या सरांनी पुढं एक जुना डाव मोबाइलवर दाखवला. १८८९ चा, ॲमस्टरडॅमचा. इमॅन्युएल लास्कर नावाच्या खेळाडूनं योहान बावर यांच्या किल्लेकोटातल्या राजावर दोन्ही उंट टाकले, एक एच-७ वर आणि एक जी-७ वर. राजापुढची प्यादी अशी उडाली, आणि मग हत्ती तिसऱ्या रांगेतून एच-३ वर आला. हाच लास्कर पुढं १८९४ ते १९२१ जगज्जेता होता. तो हत्ती एच-३ वर आला तेव्हा मी मोबाइल लेकीच्या हातातून घेतला आणि डाव पुन्हा लावून बघितला. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वीचा तो माणूस आणि पोत्यावर बसलेले तुम्ही, दोघं एकाच पट्टीवर बोट ठेवून होतात.

मेमध्ये लेक परभणीला स्पर्धेत खेळली. पाच डावांत तीन जिंकली. चौथ्या डावात समोरच्या मुलाचा वजीर तिच्या मागच्या रांगेकडं वळताच तिनं आधी एच-२ चं प्यादं एक घर सरकवून राजाला खिडकी करून दिली आणि मग हल्ल्याला गेली. कागदावर लिहून आणलेला तो डाव तिनं मला रात्री सोंगट्या मांडून दाखवला.

तुमची तब्येत बरी असेल अशी आशा करते. पुण्यात शाळूचं पीठ चांगलं मिळतं की नाही कोण जाणे. गावाकडं आलात तर दळण घेऊन या, पैसे घेणार नाही. आठवी आकृती अजून सुटलेली नाही. त्यात काळ्याची चाल आहे आणि घोडा कुठं न्यायचा यावर आमच्या मायलेकींचं एकमत होत नाही. पट उलट्या डब्यावर मांडून ठेवलाय.

तुमची,
सेलूची गिरणीवाली