नेडरनी कुणाची मतं खाल्ली?

मा. संपादक, स.न.वि.वि.

कालच्या अंकातला अमेरिकेतल्या तिसऱ्या पक्षांवरचा लेख वाचला आणि रात्री झोप नीट लागली नाही. ग्राहकांच्या हक्कांसाठी लढणारे राल्फ नेडर म्हणजे दर चार वर्षांनी अध्यक्षपदासाठी उभे राहणारे हट्टी गृहस्थ, २००० साली ज्यांनी डेमोक्रॅट उमेदवार अल गोरची मतं खाल्ली, बास एवढंच? आपल्याकडे सारख्या नावाचा डमी उभा करून मतं फोडतात, त्याच पंक्तीत बसवलंत तुम्ही त्यांना.

१९९९ च्या जानेवारीत एडिसनजवळ रूट वनवर आमची गाडी बर्फावरून घसरून डिव्हायडरवर आदळली. बायको शेजारच्या सीटवर होती. एअरबॅग उघडली, जळका वास, तिच्या केसांत मंगळसूत्रात सगळीकडे पांढरी पावडर, हनुवटी सोललेली, पण ती बोलत होती हो! पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग १९९८ च्या मॉडेलपासून सक्तीच्या झाल्या आणि त्यासाठी नेडर १९७० च्या दशकापासून गाडी कंपन्यांशी भांडत होते. सिटिझनशिप मिळाल्यावर पहिलं मत मी २००० साली त्यांनाच दिलं. ते माझं मत होतं, गोरच्या ताटातलं नव्हतं.

पुढच्या संक्रांतीला मंडळात एका जवळच्या मित्राने हातावर तिळगूळ ठेवता ठेवता सगळ्यांसमोर सुनावलं, तुझ्यासारख्यांमुळे बुश आला. अरे, इथे बहुतेक राज्यांत जो जिंकतो त्यालाच त्या राज्याची सगळी इलेक्टोरल मतं मिळतात, आणि न्यू जर्सीत गोर जवळजवळ १६ टक्क्यांनी जिंकले होते! पंचवीस वर्षं होत आली तरी तो तिळगूळ घशात अडकलाय, आणि काल तुमच्या लेखात तेच वाक्य.

निकाल ज्यावर ठरला त्या फ्लोरिडात बुश आणि गोर यांच्यात फरक ५३७ मतांचा आणि नेडरना ९७ हजारांवर मतं, हे सगळेच सांगतात. पण तिथेच सोशालिस्ट वर्कर्स या छोट्या पक्षाच्या जेम्स हॅरिसना ५६२ मतं पडली, मग त्यांनीही गोरना पाडलं का? आणि टेनेसी हे गोरचं स्वतःचं राज्य, तिथली ११ इलेक्टोरल मतं मिळाली असती तर फ्लोरिडाची गरजच नव्हती, ती कुणी खाल्ली? बुश-गोर यांच्या बॉस्टनच्या डिबेटला तर नेडरना स्टेजवर सोडाच, शेजारच्या हॉलमध्ये टीव्हीवर बघायचं तिकीट हातात असताना दारातूनच परत पाठवलं. यातलं काही तुमच्या लेखात नाही. २००४ ला त्यांनी उभं राहायला नको होतं असं मलाही वाटलं, तेव्हा मी त्यांना मत दिलं नाही, पण उभं राहणं हा गुन्हा नव्हे.

आणखी एक, तुमच्या ई-पेपरला परदेशातला मोबाइल नंबर टाकला की ओटीपी येतच नाही, वर्षाचे पैसे भरूनही भावाच्या लॉगिनवरून वाचतोय, दोन मेल केले, उत्तर नाही. तेवढं बघा.

आपला,
एक वाचक, न्यू जर्सी