दुखणे थांबल्यावर दातांच्या दवाखान्यातून फोन करणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

दात वाचला की आभार डॉक्टरांचे मानले जातात आणि ते योग्यच आहे. परंतु माझ्या वडिलांची दाढ डॉक्टरांच्या हाती वेळेत पोहोचली ती आपल्या पाठपुराव्यामुळे, म्हणून हे पत्र मुद्दाम आपल्याला लिहीत आहे.

बाबांच्या खालच्या दाढेची कीड खोलवर गेली होती. डॉक्टरांनी ती कोरून काढली, सिमेंटचे तात्पुरते फिलिंग भरले आणि पुढची तारीख दिली. त्या सिमेंटमध्ये लवंगेच्या तेलातले युजेनॉल असते, त्याने ठणका शमतो. बाबांना आराम पडला आणि त्यांच्या लेखी विषय संपला. तारीख टळल्यावर आपला फोन आला, तेव्हा "आता अजिबात दुखत नाही," असे त्यांनी मोठ्या समाधानाने सांगितले. त्यावर आपण म्हणालात, "काका, म्हणूनच बोलावतेय."

पुढे आपण जे समजावलेत, ते मी स्पीकरवर ऐकत होते. हे सिमेंट काही आठवड्यांपुरतेच असते. चावून चावून ते झिजते, कडेला फट पडते आणि लाळेबरोबर जंतू आत शिरतात. आतली नस मेली की दुखणे थांबते, जंतू मात्र थांबत नाहीत. ते मुळाच्या टोकातून बाहेर पडतात आणि तिथे हाडात पू धरतो. मग आपण एकेक प्रश्न विचारलात: ताप आहे का, तोंड पूर्ण उघडते का, गिळताना त्रास होतो का, जबड्याखाली सूज आहे का. खालच्या दाढेचा पू जिभेखाली आणि मानेकडे उतरला तर श्वास अडू शकतो, तसे वाटल्यास आमच्याकडे न येता थेट मोठे रुग्णालय गाठा, हेही आपण बजावलेत. सुदैवाने यातले काही नव्हते. फक्त हिरडीवर एक बारीक फोड होता, ज्याला बाबा उष्णता म्हणत होते. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊ का, या त्यांच्या प्रश्नावर आपण दिलेले उत्तर मला फार पटले: मेलेल्या नसेला रक्तपुरवठाच उरत नाही, तेव्हा नुसती गोळी तिथवर पोहोचणार कशी?

एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी काळसर डाग दिसला. पू काढून रूट कॅनल झाले आणि दाढ वाचली.

त्या वेळी काउंटरवरची आपली लांबट वही मी पाहिली. तात्पुरते फिलिंग भरलेल्या प्रत्येक पेशंटच्या नावापुढे लाल शाईची खूण, आणि पक्के काम झाल्याखेरीज नावावर काट नाही. कर्जाचे हप्ते वसूल करणारेसुद्धा इतके चिवट नसतील! हे काम बिलात कुठे दिसत नाही, बाहेरच्या पाटीवर त्याचा उल्लेख नाही, आणि फोन केल्याबद्दल कुरकुर मात्र आपल्यालाच ऐकावी लागते. बाबांनीही ती केली होती, त्याबद्दल त्यांच्या वतीने दिलगिरी व्यक्त करते.

कॅपचे माप देण्यासाठी बाबा सोमवारी येतील. सोबत शेजारच्या काकूंनाही पाठवीत आहे. त्यांच्या दाढेत दिवाळीपासून तात्पुरते फिलिंग आहे, आणि दुखत नाही, असेच त्यांचेही म्हणणे आहे.

आपली कृतज्ञ,
काकांची मुलगी