पोरगी त्या गावात द्यावी का

अकोला
गुरुवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय गड्या,

परवा तू फोनवर विचारलंस आणि मी "लिहून कळवतो" म्हणून फोन ठेवून दिला. राग आला असेल. प्रश्न तर साधाच होता. "पोरगं चांगलं हाये, वावर हाये, बापाले व्यसन नाई. पण गाव खारपाणपट्ट्यातलं, जमिनीतलं पानीच खारं. लोक म्हनतात तिकडं घरोघरी किडन्या खराब होतात. तू त्यातलाच डॉक्टर. सांग, पोरगी देऊ का नको?" हो किंवा नाही, एवढंच तुला हवं होतं. पण तू त्या गावाचं नाव घेतलंस आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. का, ते आज लिहितो. लांबेल. चष्मा शोध आणि बस.

तुला आठवत असेल, 1990 साली मी नागपूरच्या होस्टेलवर होतो. त्या वर्षीच्या नोबेलमध्ये जोसेफ मरे यांचं नाव होतं. 23 डिसेंबर 1954 ला बोस्टनमध्ये त्यांनी एका जुळ्या भावाची किडनी दुसऱ्याला बसवली होती. दोघं हुबेहूब जुळे, म्हणून शरीराला ती परकी वाटलीच नाही. मला खूळ लागलं ते बाकीच्यांचं. ज्याला जुळा भाऊ नाही त्यानं काय करायचं? सख्ख्या आईची किडनीसुद्धा शरीर शत्रू समजून मारायला उठतं, ते का? माझी पुढची दहा-बारा वर्षं त्यात गेली. दात्याच्या पेशी आणि रोग्याचं रक्त एकमेकांशी भांडतात का ते बघायचं, सायक्लोस्पोरिनची रक्तातली पातळी मोजायची. ते औषध नव्या किडनीला वाचवतं आणि प्रमाण चुकलं तर तिलाच मारतं. या एका विसंगतीवर मी जेवढे कागद काळे केले, तेवढ्यात तुझ्या कापसाच्या गाठी बांधून झाल्या असत्या.

ऑपरेशन मात्र बघण्यासारखं असतं. जुन्या किडन्या बहुतेक वेळा काढत नाहीत, नवी पोटात खाली एका बाजूला बसवतात. म्हणजे माणूस तीन किडन्यांचा होतो. रक्तवाहिन्या शिवून होईपर्यंत ती नवी किडनी मळकट, राखाडी, थंडगार पडलेली असते. मग चिमटे सोडतात आणि बघता बघता ती गुलाबी होते, टणक होते. कधी कधी तिथंच, टेबलावरच, नळीतून मुताचा पहिला थेंब येतो. लघवी बघून टोपी-मास्कातली आठ माणसं खूश होतात, असं दुसरं ठिकाण मला माहीत नाही.

देणारं कोण, हेही तिथंच बघितलं. आई देते, बायको देते. भाऊ "घरी विचारून सांगतो" म्हणून जातो तो परत येत नाही. 1994 च्या कायद्यानं धंदा करणाऱ्यांना चाप लावला. घरातल्या घरात बाईच्या गळ्यात काय पडतं, ते कुठल्या समितीला दिसणार?

असो. तुझ्या प्रश्नाकडे येतो, पण तेल्हाऱ्याकडच्या एका माणसावरून.

तो डायलिसिसवर होता. आठवड्यातून तीनदा, दरवेळी चार तास. पुढं पुढं एसटीचं भाडं झेपेना म्हणून दोनदाच यायला लागला आणि मधल्या दिवसांत पाय सुजवून घ्यायचा. त्याच्या हातावर फिस्टुला केलेला, म्हणजे धमनी शिरेला जोडलेली. त्यावर बोटं ठेवली की पिठाच्या गिरणीच्या भिंतीला हात लावावा तशी थरथर लागायची. मी रोज आधी ती तपासायचो. थरथर आहे तोवर सुई टोचायला जागा आहे. मशीनवर त्याला थंडी वाजायची, मेच्या उन्हातसुद्धा घोंगडी घेऊन यायचा. वेळ जावा म्हणून मी त्याला सांगितलं की 1943 साली हॉलंडमध्ये, जर्मनांनी देश बळकावलेला असताना, विलेम कोल्फ नावाच्या डॉक्टरनं सॉसेजच्या सेलोफेनची नळी ड्रमला गुंडाळून पहिलं असं मशीन चालवलं. रक्त नळीतून, बाहेर खारं पाणी, घाण आपोआप पाण्यात उतरते. तो म्हणाला, "म्हंजे जुगाडच की." बरोबर बोलला.

मग त्यानं विचारलं, "साहेब, या मशीनले किती पानी लागते?"

मी हिशेब करून सांगितलं. मिनिटाला अर्धा लिटर, चार तास, म्हणजे 120 लिटर. तेही गाळून गाळून शुद्ध केलेलं.

"मायबाप," तो म्हणाला, "एवढं गोडं पानी तं आमच्या घरी आठ दिवसाले येते."

आणि घोंगडी गळ्यापर्यंत ओढून भिंतीकडे बघत पडला. त्याला ना साखर होती, ना आधी बीपी. त्याच्या केसपेपरवर "कारण" या रकान्यात मीच रेघ मारली होती. तसे रेघवाले केसपेपर मी त्या रात्री काढून बघितले. पूर्णेच्या खोऱ्यातली गावं पुन्हा पुन्हा येत होती. प्रयोगशाळा सोडून मी गावांत हिंडायला लागलो ते तेव्हापासून.

असा आजार फक्त आपल्याकडचा नाही. श्रीलंकेच्या भातशेतीत आहे, आंध्रात श्रीकाकुळमच्या उद्दानम भागात आहे, निकाराग्वा आणि एल साल्वादोरच्या ऊसतोड मजुरांत आहे. उन्हात राबणारी, तरणी माणसं. कुणी पाण्याला दोष देतं, कुणी फवारणीला, कुणी उन्हाला, कुणी अंगदुखीच्या गोळ्यांना. पक्कं कारण हाती आलेलं नाही. आपल्या खारपाणाचंही तसंच. प्यायच्या पाण्यात लिटरला 500 मिलीग्रॅमपर्यंत क्षार ठीक, दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत चालवा, असं आपलं मानक म्हणतं. एका हातपंपावर माझं मीटर त्याच्याही पुढं गेलं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस नाही. पण पाणी खारट आहे म्हणजे त्यानंच किडनी गेली, असं त्यातून सिद्ध होत नाही. हे वाक्य मी शंभर सभांत बोललो आहे आणि शंभर वेळा लोकांनी माझ्याकडे सरकारी माणूस असल्यासारखं बघितलं.

आता माझी चूक. तुझ्या होणाऱ्या जावयाच्या गावात मी शिबिर घेतलं होतं. मे महिना, भर दुपार, सकाळपासून वावरात नांगरटीमागं धसकटं वेचून आलेली माणसं. रक्त घेतलं, बऱ्याच जणांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायची रक्तातली घाण, चढलेलं निघालं. मी ते चावडीवर बोलून बसलो. चौथ्या दिवशी पेपरात मथळा, "किडनीग्रस्त गाव".

गड्या, उन्हात घाम गाळून, पाणी न पिता आलेल्या माणसाचं क्रिएटिनिन तात्पुरतं चढतं. जुनाट आजार म्हणायला तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं लागतं. हे मी पोरांना शिकवतो! श्रावणात परत गेलो, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांचं उतरलेलं होतं. काहींचं नव्हतं, ते खरे रोगी, ते आजही माझ्याकडे येतात. दुसरी यादी घेऊन मी त्याच पेपरच्या माणसाकडे गेलो. तो म्हणाला, "डॉक्टर, यात बातमी काय आहे?"

त्या वर्षी त्या गावातल्या चार सोयरिकी मोडल्या. सरपंचानं मला वेशीवर थांबवून सांगितलं, "तुमी आमचं रगत नेलं अन् आमचं नाव ठेवून गेले." मी या तपासण्यांवर निबंध छापला, त्यात दोन्ही याद्या दिल्या. इंग्रजीत. गावात तो कोण वाचणार?

म्हणजे तू जे ऐकलंस त्यातलं निम्मं माझ्याच तोंडचं आहे. म्हणून परवा बोलता येईना.

आता उत्तर. गावाच्या नावावरून नाही म्हणू नको. घर बघ. प्यायला वान धरणाचं नळाचं पाणी येतं की बोअरचं, किती दिवसांनी येतं, साठवतात कशात, हे वहिनीला विचारायला सांग, बायका खरं सांगतात. सासऱ्याच्या बंडीत पाठदुखीच्या गोळ्यांचं पाकीट असतं का ते बघ. आणि पोराची लघवी आणि क्रिएटिनिन तपासायचं तर आपल्या पोरीचंही तपासू, दोघांचं एकाच दिवशी, सकाळी, पाणी पिऊन. पैसे मी भरतो.

रविवारी बघायला जाणार असशील तर मला शेगावला गाडीत घे. सरपंच तोच आहे, मला बघून चहा ठेवतील की नाही सांगता येत नाही. ठेवला तर पहिला घोट मी घेतो. खारट लागला तर समज, नळ अजून आलेला नाही.

तुझा,
बारक्या