काकडी राहू द्या, बाह्या घालू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाण्यावरचे खेळ खेळणाऱ्यांनी उन्हात त्वचा कशी जपावी, यासाठी रविवारच्या पुरवणीत अर्धं पान खर्ची घातलंत, त्याबद्दल आधी आभार. पुण्यात रोइंग नावाचा, होड्या वल्हवायचा खेळ चालतो हे पुरवणीला कळलं, हेही नसे थोडके. पण लेख वाचल्यापासून डोकं तापलंय ते आज सोमवारी पत्र लिहायला बसेपर्यंत उतरलेलं नाही. काकडीचा रस, बेसन-दही, टॅन घालवायचे घरगुती उपाय आणि शेवटी काय, तर प्रवाळांना इजा न करणारं सनस्क्रीन वापरा! हवाईत २०२१ पासून काही रसायनं असलेली सनस्क्रीन विकायला बंदी आहे, ते तिकडे ठीकच. आमच्या मुळा-मुठेत प्रवाळ नाहीत. जलपर्णी आहे. तिला इजा करणारं एखादं क्रीम असेल तर जरूर छापा, महापालिका लगेच टेंडर काढेल.

लेखाच्या डोक्यावरचा फोटो तरी कुणी नीट पाहिला होता का? चार मुली, चारही बिनबाह्यांच्या जर्सीत, एकीच्याही डोक्यावर टोपी नाही. आणि खाली मजकूर, त्वचा जपा.

माझी नात आठवीत आहे. गेल्या मे महिन्यात एका क्लबच्या सुट्टीतल्या शिबिरात ती रोइंग शिकायला जात होती. क्लबचं नाव लिहीत नाही, शहाण्यास सांगणे न लगे. शिबिराची वेळ सकाळी साडेसातची. प्रत्यक्षात होड्या कमी, पोरं जास्त. तिची पाळी येईपर्यंत साडेनऊ-दहा व्हायचे आणि उतरायला अकरा. तोवर काठावर उभं राहायचं. सावली होती, नाही असं नाही. प्रशिक्षकांच्या खुर्चीपुरती होती.

पहिल्याच आठवड्यात पोर खांदे भाजून घेऊन आली. जर्सीच्या पट्टीखाली मूळ रंग आणि पट्टी संपते तिथून सरळ रेघ मारल्यासारखी लालभडक कातडी. रात्री त्यावर बारीक फोड उठले. सौ.ने कोरफडीचा गर काढून आणला, तर ‘आजी, लांबूनच फुंकर घाल, हात नको लावूस’ म्हणत ती पालथी पडून राहिली. म्हणून मी पोहताना घालतात तसला पूर्ण बाह्यांचा घट्ट टी-शर्ट आणून दिला. साधा पांढरा सुती शर्ट मुद्दामच दिला नाही, कारण तो भिजला की ऊन कोरड्यापेक्षा जास्त आत जातं.

तर प्रशिक्षक म्हणाले, “युनिफॉर्म म्हणजे युनिफॉर्म.” मी म्हटलं, “निदान खांदे बरे होईपर्यंत?” त्यावर सगळ्या पोरांच्या देखत उत्तर मिळालं, “आजोबा, मुलीच्या रंगाची फार काळजी दिसते. खेळाडू म्हटल्यावर काळवंडणारच. ऑलिंपिकला जाणारे काय छत्री धरून वल्हवतात?” पोरं हसली. नातीने तिथेच टी-शर्ट काढून माझ्या पिशवीत कोंबला आणि मान खाली घालून होडीत जाऊन बसली. पुन्हा तो तिने अंगाला लावला नाही.

रंगाचा काय संबंध, हो? आम्ही काय तिला दाखवायला नेणार होतो? भाजलेल्या खांद्याबद्दल बोलावं तर समोरचा माणूस गोरेपणावर येतो, आणि तुमचा अर्ध्या पानाचा लेख पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच करतो. सावळ्या कातडीला उन्हापासून थोडं जास्त संरक्षण उपजतच असतं, पण ती भाजत नाही असं नव्हे. हे एक वाक्य लेखात असतं तरी मी काकडी सहन केली असती.

ऑलिंपिकचंही सांगतो. लष्कराच्या पुण्यातल्या रोइंग केंद्रात तयार झालेला दत्तू भोकनळ २०१६ ला रिओला गेला. टोकियोत कमी वजनी गटाच्या दुहेरी स्कल्समध्ये (दोघांच्या होडीची शर्यत) अकरावे आलेले अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग हेही इथलेच म्हणायचे. या खेळात टोपी आणि गॉगल घालून शर्यतीत उतरणारे कितीतरी जण टीव्हीवर दिसतात. त्यांना कुणी रंगावरून बोलत नसावं. एका बोटीतल्या सगळ्यांनी स्पर्धेत एकसारखे कपडे घालायचे असतात, हा नियम मलाही ठाऊक आहे. मग सगळ्यांना एकसारख्या लांब बाह्या शिवा की! नियमात बाही कापायला कुठे सांगितलंय?

आता क्रीमचा हिशेब. ते परिणामकारक व्हायचं तर मोठ्या माणसाला सगळ्या अंगाला एका वेळी साधारण ३० मिली लागतं, दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं, आणि घाम आला, पाण्यात पडलं की त्याआधीच. बाजारातली ५० ग्रॅमची ट्यूब या हिशेबाने दोनदाही पुरत नाही. पोरीच्या उघड्या हातापायांपुरतं म्हटलं तरी शिबिर संपेपर्यंत किती ट्यूब लागतील हे लेखकाने एकदा केमिस्टला विचारावं. त्यातून क्रीमच्या हाताने वल्ह्याची मूठ सटकते, ही पोरांची तक्रार खरी आहे. कपाळावरचं क्रीम घामाबरोबर डोळ्यांत उतरलं की पोरगं डोळे चोळणार की वल्हं मारणार? म्हणून चेहऱ्याला, मानेला आणि हातांच्या मागच्या बाजूला (तळव्यांना नको) क्रीम, बाकी अंग कापडाखाली. ट्यूबवर संरक्षणाचा आकडा असतो, एसपीएफ, त्यात १०० च्या मागेही लागू नका. ३० चं क्रीम नीट लावलं तर त्वचा भाजणारे सुमारे ९७ टक्के किरण अडतात, ५० चं लावलं तर ९८.

पाणी आरशासारखं ऊन दुप्पट करतं, असंही लेखात ठोकून दिलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे पाण्यावरून १० टक्क्यांहूनही कमी अतिनील किरण परततात. कोरडी वाळू त्याहून जास्त परतवते. पोरं भाजतात ती तास-दोन तास डोक्यावर काही नसतं म्हणून, आणि नदीवर वारा असल्यामुळे चटका कळत नाही म्हणून. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की ऊन घातक, हे साधं माप. मेच्या मध्यावर पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो (भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर), त्याचा बाटलीबिटली उभी करून काढलेला फोटो आपणच दरवर्षी छापता. शिबिरं नेमकी त्याच महिन्यात, आणि पोरं नेमकी दहानंतर पाण्यात.

डोळ्यांबद्दल तर लेखात अवाक्षर नाही. रोइंग करणारा पाठीकडे जात असतो. सकाळी संगमावरून बंडगार्डनकडे, म्हणजे पूर्वेला जाताना ऊन पाठीवर, पण परतताना उगवतीचं ऊन थेट डोळ्यांत. कॉलेजात आमच्या बोटीत स्ट्रोकला (वल्ह्यांची लय ठरवणाऱ्या जागेवर) बसणाऱ्या मित्राच्या दोन्ही डोळ्यांत पुढे वडस, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचा मांसल पडदा, वाढला. बुबुळापर्यंत आल्यावर काढावा लागला. ऊन, वारा, धूळ ही त्याची कारणं डॉक्टरांनीच सांगितली. गॉगलला मागून दोरी बांधावी, एवढं तरी छापा. नदीत पडलेला गॉगल काढायला आमच्या नदीत उडी मारील असा वीर अजून जन्माला यायचाय.

नदीवरून आठवलं. काठावर सावली असावी म्हणून वेगळं काही करावं लागत नाही, असलेली झाडं ठेवली तरी पुरतं. २०२३ मध्ये पुणेकर नदीकाठच्या झाडांसाठी रस्त्यावर उतरले, तेव्हा ‘विकासाला विरोध’ म्हणून नाकं मुरडणारे आता त्याच काठावर छत्र्या रोवून कार्यक्रम करतात. असो, हा विषय वेगळा. त्यावरचं माझं पत्र आपल्याकडे पडून आहे.

नात आता बॅडमिंटन खेळते, बंद हॉलमध्ये. त्या क्लबचं यंदाच्या शिबिराचं पत्रक परवा आपल्याच अंकातून घरी आलं. वेळ साडेसात, फी वाढलेली, फोटो बिनबाह्यांचा. जागेअभावी हे पत्र कापावं लागलं तर झाडांचा परिच्छेद कापा, बाह्यांचा ठेवा. काकडीचं काय करायचं ते आपण ठरवा.

आपला,
एक आजोबा
सदाशिव पेठ, पुणे ३०