दारावरचा डाग तेवढा जप

सातारा

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

पटकथेचा खर्डा पोचला. विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' ही हिऱ्याच्या चोरीची कादंबरी चित्रपटासाठी साताऱ्यात आणायची तुझी कल्पना मला मनापासून पटली आहे. म्हणूनच जिथे खटकलं तिथे स्पष्ट लिहितो.

हक्कांचं आधी उरकू. कॉलिन्स १८८९ साली वारला, त्यामुळे मूळ इंग्रजी कादंबरी मोकळी आहे. मात्र मराठी अनुवाद समोर ठेवून लिहू नकोस. अनुवादाचा हक्क वेगळा असतो आणि आपल्याकडे तो अनुवादकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. मुळावरूनच काम कर. चित्रपटाच्या नावाची नोंदणी कोल्हापूरला मराठी चित्रपट महामंडळात लवकर करून टाक.

आता दाराकडे येतो. खर्ड्यात तू वाडा रंगवलास, हिरा चमकवलास, कारभाऱ्याला उत्तम संवाद दिलेस, पण दारावरचा डाग एका ओळीत उरकलास. अख्खी गोष्ट त्या डागावर उभी आहे. पुस्तकात नायिकेच्या खोलीचं दार रंगवायचं काम बुधवारी दुपारी तीनला संपतं. रंग वाळायला बारा तास लागतात, म्हणजे पहाटे तीननंतर त्याला काही घासलं तरी डाग पडणार नाही. मध्यरात्री दार स्वच्छ असल्याचं मोलकरणीनं पाहिलेलं आहे. म्हणजे हिरा बारा ते तीनच्या दरम्यान गेला, आणि ज्याच्या कपड्याला तो रंग लागला तोच दारातून गेला. पहिला पोलीस अधिकारी या डागाला क्षुल्लक म्हणतो, दुसरा त्यावरच बोट ठेवतो. प्रेक्षकाला हे गणित मनातल्या मनात करता आलं पाहिजे.

तू दाराऐवजी शेणानं सारवलेली ओसरी घेतलीस. सुचलं छान, पण टिकत नाही. या खुणेच्या दोन अटी आहेत. ती किती वेळात वाळते हे ठाऊक हवं, आणि तो रंग घरात दुसरीकडे कुठेही नको. सारवण पहिली अट पाळतं, दुसरी नाही. कुणाच्याही धोतराला शेण लागू शकतं, त्यानं काय सिद्ध होणार? चुना तर दोन्हीत बसत नाही, वाळला तरी अंगाला लागतोच. म्हणून रोगणच घे. देवघराच्या आतल्या खोलीचं दार, जवसाच्या तेलात कालवलेला हिरवा रंग, आणि तसा हिरवा वाड्यात दुसरीकडे कुठेच नाही. पुस्तकात नायक आणि नायिका मिळून दार रंगवतात. त्या काळच्या वाड्यात ते शोभणार नाही. रंगाचं काम चिताऱ्याला दे आणि नायकाला त्याच्या शेजारी खलात रंग घोटायला बसव. वाळायला किती वेळ लागेल हे नायकाच्याच तोंडून सहज येऊ दे. पुढे तोच पुरावा त्याच्यावर उलटणार आहे.

यातूनच तारखेचा प्रश्न येतो. पुस्तकात हिरा जातो ती नायिकेच्या वाढदिवसाची रात्र २१ जून १८४८ ची, आणि तू तीच तारीख ठेवलीस. आपल्याकडे तेव्हा पाऊस सुरू झालेला असतो. दमट हवेत तेलाचा रंग बारा तासांत वाळत नाही, आणि घरी दारं रंगवणाऱ्या कुठल्याही माणसाला हे ठाऊक आहे. सोहळा मार्गशीर्षात ने, १८४७ च्या. हवा कोरडी, रात्र थंड, शालीखाली हात लपवायला वाव. शिवाय यात एक मोठं घबाड आहे. ५ एप्रिल १८४८ ला आप्पासाहेब महाराज वारले. मरताना घेतलेलं दत्तक डलहौसीनं नाकारलं आणि सातारचं संस्थान खालसा झालं. म्हणजे हिरा जातो तेव्हा छत्रपतींची गादी आहे, आणि चोरी उलगडते तेव्हा ती नाही. पुस्तकाचा दुसरा अर्धा भाग सावकाश चालतो. आपल्या चित्रपटात नेमका तिथे कारभाऱ्याच्या पायाखालचा चौथरा हलेल. यासाठी वेगळा प्रसंग लिहायची गरज नाही. त्याच चौकात तेच लोक, फक्त देवडीवरचा पहारा गेलेला. एवढं पुरे.

नात्यांत एक गंभीर चूक राहिली आहे. पुस्तकात नायक, नायिका आणि खरा चोर ही तीन बहिणींची मुलं. तू ते तसंच आणलंस, म्हणजे आपल्याकडे ती मावसभावंडं झाली. मावसभावाचं मावसबहिणीवर प्रेम दाखवलंस तर प्रेक्षक हिरा विसरून त्यातच अडकेल. नायिकेला वाड्यातल्या मुलाची लेक कर आणि दोघा तरुणांना त्याच्या दोन बहिणींचे मुलगे. म्हणजे दोघेही तिचे आतेभाऊ, दोघांचाही सोयरिकीवर रीतीनं हक्क, आणि चुरस आपोआप तयार होते. हिरा आणणारा तो मामा मग तिचा चुलता ठरतो.

आता लपवायचं कसं ते बघू. कादंबरी लपवते, कारण दरवेळी वेगळा माणूस सांगतो आणि प्रत्येकाला थोडंच ठाऊक असतं. कॅमेरा समोरचं सगळं दाखवतो. निवेदकांचे आवाज एकामागून एक लावलेस तर चित्रपट श्रुतिका होईल. (तू सांगलीचा, नाट्यपंढरीतला. संवादावर तुझा जीव आहे हे दिसतं, पण पानामागे एक मिनिट धरलं तर १२० पानांत जवळपास दोन लाख शब्दांची कादंबरी बसवायची आहे.) त्यापेक्षा एक तक्ता कर. चार रकाने: वेळ, प्रत्यक्षात काय घडलं, कुणी पाहिलं, प्रेक्षकाला कुठल्या प्रसंगात कळतं. सोहळ्याच्या दुपारी तीनपासून दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासानं भर. हा तक्ता पुरा होईपर्यंत संवादाला हात लावू नकोस. तुझ्या खर्ड्यात डॉक्टर रात्री अकराला दोन ठिकाणी आहे. तक्त्यात ते लगेच दिसलं असतं.

नायिकेनं नायकाला हिरा उचलताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे आणि ती गप्प आहे. ही भूमिका करणारीला पहिल्या दिवसापासून सत्य सांग. ते लपवून काम करून घेतलंस तर दुसऱ्यांदा चित्रपट बघणाऱ्याला तिच्या चेहऱ्यावर काहीच सापडणार नाही. तिचा राग खराच दिसू दे, फक्त कारण प्रेक्षकाला चुकीचं वाटू दे. आणि गाजलेला चेहरा एकट्या चोराला देऊ नकोस. छोट्या भूमिकेत मोठा नट दिसला की लोक मध्यंतरातच चोर ओळखतात.

अफूचा धागा तू जवळजवळ कापलास. तो परत आण. नायकानं तंबाखू सोडलेली असते म्हणून झोप उडालेली असते, आणि डॉक्टर त्याच्या नकळत त्याला अफूचा अर्क देतो. त्या गुंगीतच तो हिरा उचलतो, त्याला पत्ताही नसतो, आणि पुढे तीच रात्र पुन्हा घडवून बघायचा प्रयोग होतो. पुस्तकात पहिल्या रात्री २५ मिनिम आणि नंतरच्या प्रयोगात ४० मिनिम, म्हणजे साधारण दीड आणि अडीच मिलिलिटर. मात्र पडद्यावर तंबाखू दाखवू नकोस. ती दिसली की खाली इशाऱ्याची पट्टी येते, चित्रपटाच्या सुरुवातीला आणि मध्यात आरोग्याचे संदेश लावावे लागतात, आणि नेमक्या धाग्यावरून नजर उडते. सोडलेली तंबाखू दाखवावीच लागत नाही. जेवणानंतर त्याचा हात सवयीनं कमरेला चंची चाचपतो आणि रिकामा परत येतो. पुरे झालं.

कारभारी पुस्तकात अडचणीच्या वेळी 'रॉबिन्सन क्रूसो' उघडून बघतो. तुझा कारभारी नुसताच पोथी वाचतो. त्याच्या हाती दासबोध दे. सज्जनगड इथून दिसतो, आणि ७७५१ ओव्यांत त्याला हवी ती ओवी सापडणारच. तपास करणारा मात्र मुंबईहून आलेला साहेब नको. माग काढणं हे रामोशी नाईकाचं काम. कोतवालाला जो डाग क्षुल्लक वाटतो, तो नाईक गुडघ्यावर बसून नुसता बघतो. त्याला तिथे शब्द देऊ नकोस.

पुस्तकात दुसरी एक मोलकरीण नायकाचा डाग लागलेला कपडा पेटीत घालून समुद्रकाठच्या, पाय आत ओढणाऱ्या वाळूत लपवते. कृष्णेला भरती-ओहोटी नाही, तेव्हा घाटाखालचा डोह घे. मार्गशीर्षात पाणी भरपूर, वैशाखात खडक उघडा पडतो. साखळीला बांधलेली पेटी पाणी उतरल्यावर दिसते, कुणाला शोधावी लागत नाही. चित्रीकरण प्रत्यक्ष गाळात करू नकोस. तीन फूट खड्डा, आत जाड प्लास्टिक, तळाला फळ्यांचा ओटा, वर चाळलेली माती आणि पाणी. नटीचा पाय ओट्यावर टेकलेला असला पाहिजे.

जागांबद्दल थोडंच. मेणवलीचा घाट सुंदर आहे, पण तो इतक्या वेळा पडद्यावर आला आहे की लोक ओळखतात. एकदाच वापर, तोही रात्री. चाळकेवाडीच्या बाजूला लांबचं दृश्य लावलंस तर पवनचक्क्या येतील, खाली खोऱ्यात उसाचे सलग फड. लांब भिंग लावून पठार तेवढं कापून घे.

खरी रात्र आणि प्रयोगाची रात्र एकाच सेटवर लागोपाठ चित्रित कर. कॅमेऱ्याची उंची, भिंग, समईची जागा, नटाची पावलं, सगळं मोजून लिहून ठेव. दोन्ही रात्री तंतोतंत जुळल्या तरच फरक बोलेल. बाराबंदीच्या सहा प्रती शिव: दोन कोऱ्या, दोन ओल्या डागाच्या, दोन गाळात मुरलेल्या. दाराच्या फळ्या तीन. ओला रंग समोरून प्रकाश टाकला तर दिसत नाही, बाजूनं समईच्या उंचीवरून टाकला की चमकतो. डाग कडी-कोयंड्याच्या खाली, चार बोटं रुंद.

आणि एक काम आजच सुरू कर. सागवानाच्या सहा फळ्या घे. रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड जवसाचं तेल मिळतं, त्यात हिरवा रंग कालव. जुन्या कृतीतलं मुरदाडशिंग घालू नकोस, त्यात शिसं असतं. दुपारी तीनला फळ्या रंगव आणि दर तासाला पांढऱ्या सुती कापडाची कड घासून बघ. प्रत्येक फडक्यावर वेळ लिही. पहाटे तीनला डाग पडत असेल तर तेल पातळ कर, किंवा पटकथेतले तास बदल. ती फडकी पोस्टानं मला पाठव. मग दुसऱ्या खर्ड्यावर बसू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
सातारकर मित्र